टेस्टोस्टेरॉनची उणीव आणि रक्तचाचणी : कारणशोधाचा इतिहास

इब्न सीना (मृत्यू 1037) यांनी 'अल्-कानून' या ग्रंथात शरीराचे प्रमुख अवयव चार मानले आहेत. हृदय, मेंदू आणि यकृत हे तीन व्यक्तीच्या जगण्यासाठी. चौथा अवयव वृषण, तो वंशाच्या जगण्यासाठी. ही गणना जालिनूसच्या ग्रीक परंपरेतून आलेली असून युनानी वैद्यकात 'आज़ा-ए-रईसा' या नावाने ती आजही परिचित आहे. या अवयवाचे काम केवळ संततीपुरते नाही, पुरुषाची शरीररचना आणि मिजाज यांच्याशीही त्याचा संबंध आहे, एवढे त्या काळच्या हकिमांना ठाऊक होते. तसे कळायला ग्रंथाचीही गरज नव्हती. राजदरबारातील ख्वाजासरा सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. लहानपणी खच्ची केलेल्या मुलाला दाढी फुटत नाही, आवाज फुटत नाही, हे सर्वज्ञात होते. शरीअतने मनुष्याला खच्ची करणे निषिद्ध ठरवले असूनही दरबारांनी अशा गुलामांची खरेदी थांबवली नाही. सिल्हट भागात महसुलाच्या बदल्यात खच्ची केलेली मुले देण्याचा प्रघात होता व तो बंद करण्याचे फर्मान आपण काढले, असे जहांगीर बादशाहने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

अवयव काढला तर काय होते, हे याप्रमाणे हजारो वर्षे माहीत होते. ज्याचा अवयव शाबूत आहे आणि तरीही ज्याच्यात उणीव दिसते, त्याच्या बाबतीत मात्र वैद्यकाकडे उत्तर नव्हते. अशा माणसाला माजून, कुश्ता, पौष्टिक आहार दिला जाई. उणीव का आली, हा प्रश्न विचारण्याचे साधनच हाती नव्हते. ते साधन कसे हाती आले आणि हाती आल्यावरही ते पुष्कळदा अर्धेच का वापरले जाते, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

कोंबड्याचा तुरा

आधुनिक संशोधनाचा आरंभ जर्मनीतील गटिंगेन येथे झाला. आर्नोल्ड बर्टहोल्ड या प्राध्यापकाने 1849 मध्ये सहा कोवळ्या कोंबड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही कोंबड्यांची दोन्ही वृषणे त्याने काढून टाकली. त्यांचा तुरा वाढला नाही, ते आरवले नाहीत, झुंजलेही नाहीत. इतरांच्या बाबतीत त्याने वृषण मूळ जागेवरून सोडवून पोटाच्या पोकळीत ठेवले. काहींना तर स्वतःचे नव्हे, दुसऱ्या कोंबड्याचे वृषण दिले. हे सर्व पुढे नेहमीच्या कोंबड्यांसारखे वाढले. नंतर पोट उघडून पाहता वृषण नव्या जागी रुजले होते आणि त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. जुन्या नसा तर कापल्या गेल्या होत्या. तेव्हा वृषणाचा प्रभाव नसांवाटे नव्हे, रक्तावाटे शरीरभर पोहोचतो, असा निष्कर्ष त्याने काढला.

आपण वर्गात अंतःस्रावी ग्रंथी शिकवताना हा प्रयोग दोन ओळींत संपवतो. वास्तविक 'रक्तात शोधा' ही पुढच्या सव्वाशे वर्षांची दिशा त्या चार पानांच्या निबंधात होती. बर्टहोल्डच्या हयातीत तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष वेधले ते दुसऱ्याच माणसाने. मॉरिशसमध्ये जन्मलेला ब्राऊन-सेकार हा नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ 1889 मध्ये 72 वर्षांचा होता. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्याने स्वतःला टोचून घेतला आणि 1 जून 1889 रोजी पॅरिसच्या विद्वत्सभेत आपली ताकद परत आल्याचे जाहीर केले. जगभर अशा अर्कांचा धंदा सुरू झाला. वृषणात हे संप्रेरक साठवून ठेवले जात नाही आणि पाण्यात ते फारसे विरघळतही नाही. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच कृतीने अर्क बनवून मोजला, तेव्हा त्यातील टेस्टोस्टेरॉन परिणाम घडविण्याच्या कितीतरी खाली निघाले. म्हणजे म्हाताऱ्या प्राध्यापकाला जाणवलेली ताकद ही श्रद्धेची होती. 1920 नंतर सर्ज व्होरोनॉफ या शल्यविशारदाने माकडाच्या वृषणाचे काप धनिकांच्या शरीरात बसवून मोठी कीर्ती मिळवली. तो प्रकारही त्याच माळेतला.

औषध आधी, मापन नंतर

खरे संप्रेरक हाती आले ते कत्तलखान्यांमुळे. शिकागोत फ्रेड कॉख आणि लेम्युएल मॅकगी यांनी 1927 मध्ये बैलांच्या 40 पौंड वृषणांतून सुमारे 20 मिलिग्रॅम परिणामकारक अर्क मिळवला. अर्कात दम आहे की नाही, हे ठरवायला पुन्हा कोंबडाच लागे. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा किती वाढतो, त्यावर संप्रेरकाचे एकक ठरले होते. जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनांट याने 1931 मध्ये पोलिसांच्या बराकींतून 15,000 लिटर लघवी गोळा करून त्यातून 15 मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळे केले. 1935 मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत 100 किलो वृषणांतून अवघे 10 मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक स्फटिकरूपात मिळाले आणि त्याला 'टेस्टोस्टेरॉन' हे नाव पडले. त्याच वर्षी बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिचका यांनी ते स्वतंत्रपणे कोलेस्टेरॉलपासून तयार केले. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांत विभागले गेले. नाझी राजवटीच्या दबावामुळे बुटेनांटला ते त्या वेळी नाकारावे लागले.

1935 या वर्षाचे महत्त्व येथे नीट ध्यानात घ्यावे लागेल. त्या वर्षापासून औषध कारखान्यात बनू लागले. पण रुग्णाच्या रक्तात ते किती आहे, हे मोजण्याची सोय नव्हती. निरोगी पुरुषाच्या एक लिटर रक्तद्रवात टेस्टोस्टेरॉन असते ते साधारण 3 ते 10 मायक्रोग्रॅम. एवढ्या सूक्ष्म प्रमाणाला कोंबड्याचा तुरा पुरा पडणार नव्हता. ही दरी पस्तीस वर्षे राहिली. पस्तीस वर्षे डॉक्टर हे औषध लक्षणांवरून देत होते आणि रुग्ण ते जाहिरातींवरून मागत होते. 1945 मध्ये पॉल द क्रुइफ याचे 'द मेल हार्मोन' हे पुस्तक आले, त्याने या मागणीला आणखी भर घातली. या विषयातले व्यापारी गैरप्रकार इतके चिवट का, याचे एक कारण मला या कालक्रमात दिसते. उत्तर आधी बाजारात आले. प्रश्न मागाहून तयार झाला.

लघवीतील पुरावा

या मधल्या काळात काही थोडे लोक मात्र कारणाच्या मागे लागले होते. त्यांच्याजवळ रक्ताची चाचणी नव्हती, लघवीची होती. लघवीतील 17-कीटोस्टिरॉइड या पदार्थांना रंग आणून ते मोजत. त्यात मोठी खोट होती. पुरुषाच्या लघवीतील या पदार्थांचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतून येतो, वृषणातून एकच तृतीयांश. म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीचा धूर पाहून आपल्या घरी स्वयंपाक झाला असे समजण्यापैकी हे होते.

खरा उपयोग झाला तो दुसऱ्या मापनाचा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके सोडून वृषणाला कामाला लावते. यांना गोनॅडोट्रोपिन म्हणतात. लघवीतील गोनॅडोट्रोपिन उंदराच्या कोवळ्या मादीला टोचून तिच्या गर्भाशयाचे वजन किती वाढते, यावरून ते मोजता येत असे. वर्गात समजावताना गिरणीतील मुकादमाची उपमा उपयोगी पडते. कामगार सुस्तावले की मुकादमाचा आवाज चढतो. काम उरकले की तो गप्प बसतो. काम थांबले आहे आणि मुकादमाचा ओरडून घसा बसला आहे, तर दोष कामगारांत. काम थांबले आहे आणि मुकादमही गप्प आहे, तर मुकादमालाच काय झाले ते पाहावे लागते.

बॉस्टनमध्ये फुलर अल्ब्राइट यांच्या हाताखाली काम करणाऱ्या हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण डॉक्टरने 1942 मध्ये नऊ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची वृषणे लहान, स्तन वाढलेले, वीर्यात शुक्रजंतू नाहीत आणि लघवीत एफएसएच भरपूर. मुकादम ओरडत होता. दोष वृषणात होता. वृषण मुळात का बिघडले, याचे उत्तर 1959 मध्ये एडिंबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी दिले. अशा पुरुषात एक एक्स गुणसूत्र जास्त असते. हा काही विरळा प्रकार नव्हे. साधारण सहाशे मुलग्यांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. डेन्मार्कसारख्या सुसज्ज देशातही अशांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांचेच निदान होते, असे तेथील 2003 च्या अभ्यासात दिसून आले.

1944 मध्ये दोन महत्त्वाची कामे झाली. हेलर आणि मायर्स यांनी थकवा, उदासी व कामेच्छा मंदावल्याची तक्रार असलेल्या पुरुषांचे गोनॅडोट्रोपिन मोजले. ज्यांचे प्रमाण वाढलेले होते त्यांना टेस्टोस्टेरॉनने गुण आला. ज्यांचे नेहमीचे होते त्यांना आला नाही. एकाच तक्रारीमागे दोन निरनिराळी माणसे असतात आणि त्यांना वेगळे काढता येते, हे या कामाने दाखवले. त्याच वर्षी फ्रान्झ कालमान याने काही कुटुंबांतील असे पुरुष नोंदवले, ज्यांना तारुण्यही येत नव्हते आणि वासही येत नव्हता. मेंदूतील ज्या पेशी पिट्यूटरीला हुकूम देतात त्या गर्भावस्थेत नाकाच्या बाजूकडून मेंदूत जातात, हे पुढे समजले. ती वाट अडली की दोन्ही गोष्टी बिघडतात. त्यामुळे मिसरूड न फुटलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला 'तुला अत्तराचा वास येतो का?' असे विचारणे ही आजही एक चाचणी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

रक्तातील मापन

रक्तातील सूक्ष्म संप्रेरके मोजण्याची किल्ली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सापडली. रोझलिन यॅलो ही भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हा डॉक्टर यांनी, इन्सुलिन टोचलेल्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे दाखवले. तेव्हाचे पंडित हे मानायला तयार नव्हते. एका नियतकालिकाने निबंध परत केला, दुसऱ्याने शीर्षकातील 'प्रतिपिंड' हा शब्द काढायला लावला. नकाराचे ते पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवले व नोबेल व्याख्यानात सर्वांना दाखवले. याच प्रतिपिंडांचा तराजू करून त्यांनी 1959-60 मध्ये रेडिओइम्युनोअसे ही पद्धत दिली. किरणोत्सारी खूण केलेले संप्रेरक आणि रुग्णाच्या रक्तातील संप्रेरक मोजक्या प्रतिपिंडांवर जागेसाठी चढाओढ करतात. रुग्णाचे जितके जास्त, तितके खुणेचे बाहेर पडते. दोघांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. 1972 मध्ये बर्सन वारले, त्यामुळे 1977 च्या नोबेलमध्ये त्यांचे नाव नाही.

टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. ते इतके लहान रेणू की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवीत नाही. तो उपाय न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात एर्लँगर, लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये करून ठेवला होता: टेस्टोस्टेरॉन बैलाच्या अल्ब्युमिन प्रथिनाला जोडून टोचायचे, म्हणजे शरीर त्याची दखल घेते. या दोन धाग्यांची गाठ 1970 च्या सुमारास पडली आणि थोड्याशा रक्तात टेस्टोस्टेरॉन मोजणे शक्य झाले. एलएच आणि एफएसएच यांची मापने त्याच्या थोडी आधी, प्रोलॅक्टिनचे थोडे नंतर आले. 1971 मध्ये शॅली आणि गिलमँ यांच्या प्रयोगशाळांनी मुकादमालाही हुकूम देणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाची रचना उलगडली. यॅलोबाईंच्या 1977 च्या नोबेलचे हे दोघे वाटेकरी.

आपल्याकडे ही विद्या अणुऊर्जा विभागाच्या वाटेने आली. मुंबईत परळ येथे 1963 मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले होते. पुढे नवी मुंबईतील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाने थायरॉइड संप्रेरके व इन्सुलिन मोजण्याचे संच देशातच तयार करून प्रयोगशाळांना पुरवले. जिल्ह्याच्या गावी आज जी चाचणी काही शे रुपयांत होते तिच्यामागे ही परंपरा आहे, जरी किरणोत्सारी खुणेची जागा आता प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली आहे.

दुसरा आकडा

चाचणी सोपी झाली आणि तिचा अर्थ लावणे अवघड झाले. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असते, दुपारनंतर उतरते. तरुणांत हा उतार अधिक. जेवल्यावर ते घटते. ताप किंवा गंभीर आजारात घटते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दोन दिवशी रक्त तपासावे, असा दंडक 2018 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत आहे. रमजानमध्ये ज्याचे झोपेचे वेळापत्रक उलटे झाले आहे त्याचा नमुना शक्यतो ईदनंतर घ्यावा, ही माझी त्यावर पुरवणी. कमी म्हणजे किती, हेही एका आकड्यात बसत नाही. एक संस्था 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरते, दुसरी निरोगी तरुणांच्या मापनांवरून 264. शिवाय बहुतेक टेस्टोस्टेरॉन रक्तातील प्रथिनांना बांधलेले असते. लठ्ठ माणसात त्यांपैकी एक प्रथिन, एसएचबीजी, कमी होते. त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते.

आकडा खरोखरच कमी ठरला तरी तो कारण सांगत नाही. कारणाकडे नेतो तो दुसरा आकडा, एलएचचा. तो चढलेला असेल तर वृषणाकडे पाहावे: क्लाइनफेल्टर, गालफुगीनंतरचा दाह, इजा, कर्करोगाचे उपचार, आणि आपल्या देशात कुष्ठरोग. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. वृषण त्यांपैकी एक. 2005 च्या अखेरीस भारताने कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले खरे, पण 2023 मध्येही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतातच नोंदले गेले. हातापायांची बधिरता तपासणारे डॉक्टर या गोष्टीची चौकशी क्वचित करतात.

एलएच कमी असेल, किंवा अहवालात त्यापुढे नुसते 'नॉर्मल' लिहिले असेल, तर अधिक सावध व्हावे. काम थांबलेले असताना मुकादमाचे नेहमीच्या आवाजात बोलणे हेच लक्षण आहे. मग प्रोलॅक्टिन तपासतात. ते फार वाढलेले असेल तर पिट्यूटरीत गाठ असू शकते. अशी गाठ बहुधा गोळ्यांनी आकसते व टेस्टोस्टेरॉन पुष्कळदा आपोआप वर येते. न तपासता ती वाढू दिली तर नजर जाण्याचा धोका असतो. शरीरातील लोहाचे प्रमाण पाहतात, कारण वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांत लोह पिट्यूटरीत साठते. अफूजन्य वेदनाशामके आणि व्यायामशाळेत गुपचूप मिळणारी इंजेक्शने यांचीही चौकशी करावी लागते. सर्वांत मोठा गट मात्र लठ्ठपणा आणि मधुमेह यांचा आहे. परेश दांडोना आणि सहकाऱ्यांनी बफेलो येथे 2004 मध्ये टाइप 2 मधुमेहाचे 103 पुरुष तपासले. त्यांपैकी एक तृतीयांश पुरुषांत मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी होते, आणि एलएच चढलेले नव्हते. वजन घटल्यावर अशांची पातळी वाढते.

या शोधाचा एक अध्याय आपल्या समाजाच्या विशेष परिचयाचा आहे. 2003 मध्ये सौदी अरेबियातील, नात्यातच विवाह होत आलेल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून मेंदूतील किसपेप्टिन या रेणूचे महत्त्व उघड झाले. त्या कुटुंबातील काहींना तारुण्यच आले नव्हते, कारण या रेणूचा निरोप घेणाऱ्या जनुकात आईकडून व बापाकडून तोच दोष आला होता. 2009 मध्ये तुर्कस्तानातील अशाच कुटुंबांतून आणखी दोन जनुके सापडली. चुलत-मामे भावंडांच्या विवाहाला मनाई नाही म्हणून त्याबद्दल बोलायचेच नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या सौदी कुटुंबाने रक्त दिले आणि बोलणे टाळले नाही, त्यामुळे तारुण्य कसे सुरू होते हे जगाला कळले.

पुन्हा बाजार

2000 मध्ये अमेरिकेत टेस्टोस्टेरॉनचे त्वचेवर चोळायचे जेल मान्य झाले. 2001 ते 2011 या दहा वर्षांत तेथील चाळिशीपुढील पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 0.8 टक्क्यावरून 2.9 टक्क्यांवर गेले. त्यांपैकी चौघांमागे एकाची आधीच्या वर्षभरात रक्तचाचणीसुद्धा झाल्याची नोंद नव्हती. म्हणजे यॅलोबाईंची पद्धत येऊन चाळीस वर्षे झाली तरी काही दवाखाने 1945 मध्येच होते. त्याच सुमारास, 2010 मध्ये, युरोपातील 40 ते 79 वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात, लक्षणे आणि रक्त दोन्ही जुळणारे 2.1 टक्केच निघाले. 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट केले की हे औषध वृषण, पिट्यूटरी किंवा मेंदू यांच्या ठरावीक विकारांमुळे आलेल्या उणिवेसाठी आहे. नुसत्या वयापोटी आलेल्या उणिवेसाठी त्याची उपयुक्तता सिद्ध नाही.

आपल्या गावांत याची दुसरी बाजू दिसते. मूल होत नाही म्हणून सुनेच्या तपासण्या चार-चार वर्षे चालतात, दर्ग्याला नवस होतात, आणि वीर्यतपासणीचे नाव काढले की मुलगा उठून जातो. काही घरांत तोवर दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू झालेली असतात. एखादा तपासणीला गेलाच आणि टेस्टोस्टेरॉन कमी निघाले, तर कोणीतरी त्याला तेच इंजेक्शन देऊन मोकळा होतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पिट्यूटरी गप्प बसते आणि शुक्रजंतू बनणे थांबते. हे इतके खात्रीने घडते की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून या इंजेक्शनांची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. मूल हवे म्हणून आलेल्या माणसाला आपण गर्भनिरोधक टोचत आहोत, हे टोचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण एलएचची चाचणी चिठ्ठीत लिहिलेलीच नसते. पिट्यूटरीत दोष असलेल्या अशाच पुरुषाला टेस्टोस्टेरॉनऐवजी गोनॅडोट्रोपिनची इंजेक्शने काही महिने दिली तर पुष्कळदा शुक्रजंतू तयार होतात आणि त्याला स्वतःचे मूल होऊ शकते.